मुदतीआधी घर सोडताना



भाड्याच्या घराबद्दल या सदरात लिहा, असे तीन-चार पत्रांतून आले होते. मी टाळत होते. कायद्याचे कलम सांगायला मी काही वकील नाही. वर्गात मराठी आणि उर्दू शिकवणारी बाई. पण गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीच्या घरावरून जे झाले, त्यात आम्हा सगळ्यांना तो करारनामा ओळ न् ओळ वाचावा लागला. तेच आज सांगते.

बहीण पुण्यात कोंढव्याला राहायची. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, भाडे १४ हजार, डिपॉझिट ५० हजार. करार १ जूनपासून ३० एप्रिलपर्यंत, म्हणजे ११ महिन्यांचा. डिपॉझिटचे पैसे तिच्या भिशीचे होते. दीड वर्ष दर महिन्याला बाजूला टाकलेले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मिरजेहून फोन आला, सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आलाय. सासरे आधीच नाहीत, घरात दुसरे कोणी करणारे नाही. मेहुण्यांनी कंपनीशी बोलून सांगलीच्या शाखेत जायची सोय केली आणि १ ऑक्टोबरला घरमालकांना सांगितले, ३१ तारखेला आम्ही घर सोडतो.

मालक वाईट माणूस नव्हते. हज करून आलेले, पाच वेळेचे नमाजी, बहिणीच्या मुलांना ईदी देणारे. पण पैशाची गोष्ट निघाली तशी भाषा बदलली. म्हणाले, "करार ११ महिन्यांचा आहे. अजून सहा महिने उरतात. त्याचे ८४ हजार होतात. डिपॉझिट मी ठेवून घेतो, वरचे ३४ हजार तुम्ही द्या."

रात्री बहिणीचा फोन. रडत होती. "आपा, आता काय करायचं? इथले पैसे बुडाले तर अम्मींच्या दवाखान्याचं काय?"

मी विचारले, करारात काय लिहिलेय? ती म्हणाली, वाचलाच नाही कधी.

तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. आपल्यापैकी किती जण वाचतात? आपल्याला घर मिळताना जे सोसावे लागते ते तुम्हाला ठाऊक आहे. एजंट फोनवर आधी भाडे विचारत नाही, नाव विचारतो. नाव ऐकले की "मालक बाहेरगावी आहेत", "घर कालच गेलं". बहिणीने सात घरे पाहिली होती. आठवे मिळाले तेव्हा एजंटच्या ऑफिसात जो कागद पुढे आला, त्यावर अंगठा ठेवून ती मोकळी झाली. घर मिळाले याच आनंदात आपण सही करतो, आणि मालकालाही हे माहीत असते.

आता तो कागद काय असतो, ते पाहू. आपण त्याला भाडेकरार म्हणतो, पण महाराष्ट्रात बहुतेक घरे 'लिव्ह अँड लायसन्स'वर दिली जातात. त्यात आपण कायद्याने भाडेकरू नसतो. मालकाच्या परवानगीने ठराविक मुदतीसाठी राहणारे असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा. त्यातल्या ५५ व्या कलमाप्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. "११ महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही" असे जे सांगतात ते चुकीचे आहे. नोंदणी नसेल तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून कामाची गोष्ट पुढे आहे. नोंदणी नसलेल्या व्यवहारात अटींवरून वाद झाला, तर राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे.

खर्चही फार नसतो. एकूण भाडे आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून जी रक्कम येते, तिच्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क. बहिणीच्या घराचे सुमारे ४०० रुपये होते. नोंदणी फी महापालिका हद्दीत १ हजार, ग्रामीण भागात ५००. (गंमत पाहा, डिपॉझिटवर मालक एक पैसा व्याज देत नाही, आपण मागतही नाही, पण सरकार मात्र ते मनात धरून शुल्क घेते.)

बहिणीचा करार नोंदलेला होता. मेहुण्यांनी त्याचे फोटो पाठवले. मी आणि माझ्या शाळेतले एक सहकारी, ज्यांचे भाऊ वकिली करतात, दोघांनी मधल्या सुट्टीत बसून तो वाचला. नवव्या कलमात होते: पहिले सहा महिने 'लॉक-इन', म्हणजे त्या काळात दोघांपैकी कोणीही करार मोडायचा नाही; राहणाऱ्याने मोडला तर लॉक-इनच्या उरलेल्या काळाचे भाडे द्यायचे. सहा महिन्यांनंतर कोणीही एका महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतो.

मग हिशेब सोपा झाला. लॉक-इन ३० नोव्हेंबरला संपत होते. ते ३१ ऑक्टोबरला निघणार, तर नोव्हेंबरचे १४ हजार. फार कडक अर्थ लावायचा, की नोटीस लॉक-इन संपल्यावरच देता येते, तरी आणखी एक महिना. २८ हजार. करारातून ८४ हजार कुठूनही निघत नव्हते. "करार ११ महिन्यांचा म्हणून ११ महिन्यांचे भाडे" ही समजूत होती, अट नव्हती. आणि मालकांनीही तो कागद कधी नीट वाचला नव्हता! एजंटने कॉम्प्युटरवरचा तयार मजकूर काढून दोघांना दिला होता.

सहकाऱ्यांच्या भावाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम असे आहे की, करारात मोडल्याबद्दल एखादी रक्कम लिहिलेली असली तरी ती आपोआप पूर्ण मिळत नाही. न्यायालय योग्य तेवढीच भरपाई देते, आणि लिहिलेली रक्कम ही जास्तीत जास्त मर्यादा ठरते. शिवाय ७३ व्या कलमाच्या स्पष्टीकरणानुसार, नुकसान कमी करण्याचे जे उपाय समोरच्याच्या हातात होते तेही पाहिले जातात. दुसरे कुटुंब यायला तयार असताना घर मुद्दाम रिकामे ठेवायचे आणि जुन्याकडून भाडे मागायचे, हे चालत नाही.

पण कोर्टात जायचे कोणाला होते? सासूबाई मिरजेत पलंगावर. मेहुण्यांनी दोन कामे केली. पहिले, तोंडी सांगितले होते तेच लेखी दिले: एका कागदावर तारीख, घर सोडण्याचे कारण, चावी देण्याची तारीख, आणि मालकांची 'मिळाले' म्हणून सही. व्हॉट्सअॅपवरही त्याचा फोटो टाकला. दुसरे, नवे राहणारे शोधायला लागले. पहिला मुलगा मिळाला तो अविवाहित, सोसायटीने नको म्हटले. मग मशिदीत ओळख झालेले लातूरचे एक कुटुंब तयार झाले, पण त्यांना १६ नोव्हेंबरपासून घर हवे होते.

मग हाजीसाहेबांकडे बसणी झाली. आमचे थोरले भाऊ गेले होते, आणि मोहल्ल्यातले एक मौलानाही. मौलानांनी जे सांगितले ते मी भावाकडून ऐकले. भाड्याच्या व्यवहाराला फिक्हमध्ये इजारा म्हणतात. तो पक्का करार आहे, मनात आले म्हणून मोडता येत नाही. सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत करार पाळण्याचा हुकूम आहे. पण हनफी फिक्हमध्ये खरी अडचण, म्हणजे उज्र, आली तर इजारा संपवण्याची मुभा आहे. दुकान भाड्याने घेतले आणि भांडवलच गेले, प्रवासासाठी जनावर ठरवले आणि प्रवासच रद्द झाला, अशी जुनी उदाहरणे ग्रंथांत आहेत. बाकीच्या मसलकांत ही मुभा इतकी मोकळी नाही. आणि दोघांच्या खुशीने व्यवहार मागे घेणे, ज्याला इकाला म्हणतात, ते तर पुण्याचे काम. पस्तावलेल्याचा सौदा परत घेणाऱ्याची चूक कयामतच्या दिवशी अल्लाह माफ करील, अशा अर्थाची हदीस अबू दाऊदमध्ये आहे.

माझे यावर एक म्हणणे आहे, रागावू नका. घर सोडणारा उज्र सांगतो, मालक करार पाळण्याची आयत सांगतो, आणि दोघेही आपल्या फायद्याचे तेवढेच दीन आठवतात. हाजीसाहेबांच्या बाजूनेही पाहायला हवे होते. त्यांची पेन्शन नव्हती, या घराच्या भाड्यावरच त्यांचे भागायचे. ते रिकामे राहिले तर नुकसान खरेच होते. म्हणून आमच्या भावाने सांगितले, आमच्यामुळे तुमचे जेवढे गेले तेवढे घ्या, त्याच्या पुढे नको.

त्यावर हिशेब असा ठरला: घर रिकामे राहिले १५ दिवस, त्याचे ७ हजार. नव्या कराराचे शुल्क, नोंदणी आणि एजंटचे पैसे मिळून अडीच हजार, ते मेहुण्यांनी आपणहून सोसायचे मान्य केले. रंगाचे हाजीसाहेब १२ हजार मागत होते. करारात 'नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून' असे शब्द होते, आणि पाच महिन्यांत घराला रंग लागत नाही. पण हॉलच्या एका भिंतीवर भाच्याने खडूंनी रेल्वे काढली होती, त्याचे दीड हजार दिले. शेवटचे वीजबिल १,०४०. एकूण १२,०४० कापून ३७,९६० परत मिळायचे. १६ नोव्हेंबरला नव्या कुटुंबाचे डिपॉझिट आले की लगेच.

चावी दिली त्या दिवशी मेहुण्यांनी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढला, नळ आणि पंखे सुरू करून दाखवले, मीटरचा आकडा टिपला. मग दोघांच्या सहीचा एक कागद केला: करार या तारखेला परस्पर संमतीने संपला, कब्जा परत दिला, इतके डिपॉझिट या तारखेपर्यंत परत करायचे. हा शेवटचा कागद बहुतेक जण करत नाहीत, आणि नंतरचे सगळे भांडण त्याच्याच अभावी होते. नोंदलेला करार कागदोपत्री एप्रिलपर्यंत जिवंत दिसत राहतो, हेही त्यात आहे.

एक खर्च मात्र कुठल्याच हिशेबात धरला जात नाही, तो मुलांच्या शाळेचा. सत्राच्या मध्यात शाळा बदलली की नवा गणवेश, नवी पुस्तके, आणि खासगी शाळेत भरलेली फी बहुधा गेली. मी शिक्षिका म्हणून सांगते, पालक याच भीतीने दाखला मागायला उशीर करतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना दुसऱ्या तशाच शाळेत जाण्याचा हक्क आहे. दाखला मुख्याध्यापकांनी लगेच द्यायचा असतो, आणि तो मिळायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नसतो. भाची सहावीत होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती मिरजेच्या शाळेत बसली, दाखला दहा दिवसांनी पोहोचला.

मुंबई, मुंब्रा, भिवंडीकडच्या भगिनींची पत्रे वेगळ्या गोष्टीबद्दल आहेत, ती हेवी डिपॉझिटची. चार-पाच लाख मालकाला द्यायचे, भाडे नाही किंवा नावापुरते. घर सोडताना तेवढेच पैसे परत. ऐकायला फार छान वाटते. पण मुदतीआधी निघायची वेळ आली की मालक म्हणतो, दुसरा आणा, त्याने पैसे दिले की तुम्हाला देतो. कारण तुमचे पाच लाख त्याने केव्हाच कुठेतरी लावलेले असतात. कधी मुलीच्या लग्नात, कधी दुसऱ्या खोलीत. सोडून जाणाऱ्याचे सगळे आयुष्यभराचे पैसे तिथे अडकतात आणि नव्या गावी डिपॉझिटला हातात काही नसते. अशा वेळी घर सोडण्याचा खरा खर्च म्हणजे ते महिने, जे आपण पैशांसाठी वाट पाहत काढतो.

शिवाय दीनच्या बाजूने हा व्यवहार साधा नाही. दिलेली रक्कम मालक वापरतो, म्हणजे ती अमानत राहत नाही, कर्ज होते. आणि कर्जाच्या बदल्यात फुकट किंवा स्वस्त राहणे हा कर्जावरचा फायदा झाला, म्हणजे व्याजासारखाच, असे अनेक मुफ्ती सांगतात. आपल्या भागातल्या आलिमांना विचारून घ्या. पण विचारा घर घेण्याआधी. पाच लाख दिल्यावर विचारून काय उपयोग? आणि घ्यायचेच ठरले, तर पूर्ण रक्कम करारात लिहून, बँकेतून द्या. 'दोन लाख कागदावर, तीन रोख' हे कधीही मान्य करू नका. उधारीचे व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, ही ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनची सर्वांत मोठी आयत आहे. त्यातून व्यवहाराच्या कागदाला केवढे महत्त्व आहे ते कळते.

एका भगिनीचे पत्र वाचून मात्र मी बराच वेळ गप्प बसले. पती वारले, करार त्यांच्या एकट्याच्या नावाने. इद्दत सुरू आहे, चार महिने दहा दिवस त्याच घरात काढायचे आहेत, आणि मालकाने निरोप पाठवलाय की करार संपला, घर रिकामे करा. कायद्याने लायसन्स हा व्यक्तीला दिलेला हक्क मानतात, वारसांकडे तो आपोआप जात नाही. फिक्हमध्येही हनफी मताने दोघांपैकी एक वारला की इजारा संपतो; शाफई मताने तो मुदतीपर्यंत चालतो, आणि आपले बहुतेक कोकणी मुस्लिम शाफई आहेत. म्हणजे एकाच इमारतीत दोन घरांना दोन उत्तरे. त्या भगिनीसाठी मी तिच्या भावाला फोन केला. तो आणि जमातीतले दोघे मालकाकडे गेले, ठरलेले भाडे इद्दत संपेपर्यंत देण्याचे लेखी ठरले, आणि मालक शेवटी मानले. पण दर वेळी असे मानणारे मिळतीलच असे नाही. म्हणून करार करताना पती-पत्नी दोघांचीही नावे टाका. त्यासाठी वेगळे शुल्क नाही, फक्त पत्नीला नोंदणीला सही-अंगठा द्यायला जावे लागते. "बाईमाणूस कशाला" म्हणून हे टाळू नका.

सही करण्याआधी विचारून घ्यायच्या आणखी गोष्टी: लॉक-इन किती महिन्यांचे आहे आणि ते मालकालाही लागू आहे का. बदली, आजारपण किंवा मृत्यू झाल्यास लॉक-इन सुटेल अशी ओळ टाकता येईल का. मालक बहुधा हो म्हणतात, फक्त कोणी विचारत नाही. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल. डिपॉझिटवर आपल्याकडे कायद्याची मर्यादा नाही. केंद्राने २०२१ मध्ये एक नमुना कायदा तयार केला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच मर्यादा आहे, पण राज्याने तसा कायदा केल्याशिवाय तो इथे चालत नाही. आणि एक उलटी गोष्ट: मुदत संपल्यावर चिकटून राहू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या २४ व्या कलमाप्रमाणे मुदतीनंतर राहणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई घेता येते. "डिपॉझिट देत नाही तर मी घरही सोडत नाही" ही युक्ती बऱ्याच जणांना महागात पडली आहे.

मालक डिपॉझिट देतच नसेल, तर आधी लेखी मागणी, मग वकिलाची नोटीस. वकील परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याने महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती हे न पाहता. खटला दाखल न करताही तिथून लोकअदालतीत दोघांना समोरासमोर बसवतात. पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते; नात्यात, मोहल्ल्यात शरम वाटते म्हणून ती घालवू नका.

बहिणीचे पैसे १६ नोव्हेंबरला नाही आले. १७ ला नाही, १८ ला नाही. मेहुणे फोन करायला संकोचत होते. १९ ला मीच त्या सहीच्या कागदाचा फोटो हाजीसाहेबांना पाठवला आणि सलाम लिहून विचारले, तब्येत कशी आहे. अर्ध्या तासात त्यांचा फोन आला. नव्या कुटुंबाचा चेक वटायला उशीर झाला होता. संध्याकाळी मगरिबनंतर ३७,९६० रुपये जमा झाले. बहिणीने त्यातून पहिल्यांदा सासूबाईंसाठी चाकाची खुर्ची घेतली. आता त्या दुपारी अंगणात बसतात, आणि भाचा त्यांच्या खुर्चीमागे रेल्वे-रेल्वे खेळतो.